चौथी पास आई, इंजिनिअर मामा आणि 'ई-फोर'चा रिपोर्ट: घाबरायच्या आधी काय करायचं

मागच्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी रात्री साडेअकराला भाच्याचा फोन आला, न्यू जर्सीहून. "आत्या, बाबांना सांगू नकोस, माझ्यात ई-फोर निघालंय." मला आधी वाटलं व्हिसाची काहीतरी भानगड. मग कळलं, पोरानं हौसेनं नळीत थुंकी भरून एका कंपनीला पाठवली होती, आपले पूर्वज कुठले ते बघायला. पूर्वज कऱ्हाडच्या पुढे कधी गेलेच नाहीत, हे मी त्याला फुकटात सांगितलं असतं. पण त्याच रिपोर्टात खाली आरोग्याचं एक पान होतं आणि त्यावर लिहिलं होतं: एपीओई, ई-४, एक प्रत. म्हणजे उतारवयात अल्झायमरचा, सगळं विसरायला लावणाऱ्या आजाराचा, धोका वाढवणारं जनुक.

त्याची आजी, म्हणजे माझी आई, शेवटी शेवटी मला "अहो बाई" म्हणायची. माझ्या मामाचंही आता तेच चाललंय. त्यामुळे पोरगं का घाबरलं ते मला समजलं. तरी म्हटलं, "आधी झोप. उद्या बोलू." आणि मीच झोपले नाही.

मी ६६ वर्षांची. एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. डॉक्टर नाही, संशोधकही नाही, पण दहावीच्या पोरांना आनुवंशिकता शिकवून शिकवून मेंडेलचे वाटाणे तोंडपाठ झालेत. त्या दिवाळीनंतरचा हिवाळा मी वाचण्यात घालवला, ओळखीच्या मेंदूविकारतज्ज्ञांना प्रश्न विचारून हैराण केलं आणि जे हाती लागलं ते इथे मांडतेय. असा फोन ज्यांना येईल त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारख्या साठी उलटलेल्या, आज धडधाकट असलेल्या, पण एकदा दूध उतू गेलं की मनातल्या मनात हिशोब करू लागणाऱ्यांसाठी.

रिपोर्ट हातात आल्यावर

पहिलं काम, प्रती मोजायच्या. एपीओई हे १९व्या गुणसूत्रावरचं जनुक. शरीरात चरबी इकडून तिकडे वाहून नेणारं एक प्रथिन त्याच्यावरून बनतं. त्याच्या तीन तऱ्हा: ई-२, ई-३ आणि ई-४. प्रत्येकाकडे दोन प्रती, एक आईकडची, एक वडिलांकडची. बहुतेकांकडे ई-३ची जोडी असते. १९९३ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात अ‍ॅलन रोझेस यांच्या गटानं ई-४ आणि उतारवयातला अल्झायमर यांचा संबंध दाखवला. एक ई-४ असेल तर धोका साधारण दोन ते तीन पट, दोन असतील तर आठ ते बारा पट, असं पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांतून दिसतं. ई-२ असेल तर उलट धोका कमी होतो.

"पट" हा शब्द वाचला की छातीत धस्स होतं. तेव्हा एवढंच करा: कशाच्या पट, ते विचारा. चौतिसाव्या वर्षी भाच्याचा धोका शून्याच्या आसपास आहे, त्याची तिप्पट शून्याच्या आसपासच होते. आणि एक प्रत असलेली पुष्कळ माणसं नव्वदीत खणखणीत असतात, तर ई-४चा मागमूस नसलेल्यांनाही अल्झायमर होतो. हे 'जोखमीचं' जनुक आहे. हंटिंग्टनसारख्या मेंदूच्या आजारात जनुकातला तो बिघाड असला की आजार होतोच, तशातलं हे नाही.

दुसरं, प्रत कुणाकडून आली हे घरच्या घरी ठरवू नका. संक्रांतीला ही गोष्ट शेवटी भावाच्या कानावर गेलीच (आमच्या घरात गुपित तीळगुळाइतकंच टिकतं). वहिनी लगेच म्हणाली, "तुमच्याच घराण्याचं असणार." भाऊ गप्प. मी पाटीवर चौकोन काढून दाखवला: प्रत वहिनीकडूनही आलेली असू शकते, तिचे वडील साठीतच हृदयविकारानं गेले, त्यांची स्मृती बघायला कुणाला मिळालीच नाही. वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तरीही चौकोन बरोबरच होता.

तिसरं, एकाचा रिपोर्ट आला म्हणून घरातल्या बाराही जणांच्या थुंक्या पाठवू नका. लहान मुलांच्या तर नकोच. डीएनएच्या रचनेबद्दल नोबेल मिळवलेल्या जेम्स वॉटसननं आपला सगळा जनुकसंच जगासमोर खुला केला, पण एपीओईची जागा तेवढी झाकून ठेवायला सांगितली. त्याला स्वतःलाच ते माहीत करून घ्यायचं नव्हतं. एवढ्या माणसाला न जाणण्याची मुभा असेल तर आपल्यालाही आहे. मी माझी तपासणी केलेली नाही. उत्तर हो आलं काय, नाही आलं काय, उद्या सकाळी मला जे करायचंय ते बदलणार नाही. तुम्हाला जाणून घ्यायचंच असेल तर आधी जनुकीय समुपदेशकाशी बोला. बातमी पचवायला तयार असलेल्या, समुपदेशन मिळालेल्या लोकांवर तिचा फार वाईट परिणाम होत नाही, हेही तपासून झालेलं आहे.

एका घरातली दोन मुलं

आता आई आणि मामा. हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आई १९३८ची. चौथी पास झाली आणि शाळेतून काढली, कारण पाठीवरचा भाऊ लहान होता आणि आजी शेतावर जायची. त्या भावाला कडेवर घेऊन ती शाळेच्या खिडकीशी उभी राहायची, असं ती हसत सांगायची. तो भाऊ म्हणजे माझा मामा. तो पुढे सांगलीला शिकला, इंजिनिअर झाला, पाटबंधाऱ्यात मोठ्या पदावर गेला. आईबाप तेच, घर तेच, ताटातली भाकरीही तीच. एकाला सतरा वर्षांचं शिक्षण, दुसरीला चार.

मी वाचत असताना पोर्तुगालचा एक अभ्यास समोर आला आणि मी चष्मा काढून ठेवला. तिथे दक्षिणेकडे पूर्वी थोरल्या मुलीला घरकामासाठी घरी ठेवायची रीत होती, धाकट्यांना शाळेत घालायचे. कास्ट्रो-काल्दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली अशा निरक्षर आणि साक्षर बायकांचे मेंदू तपासले. खरे शब्द मागोमाग म्हणायला सांगितले तर दोघींचं सारखंच चाललं. पण अर्थ नसलेले, बनावट शब्द म्हणायला सांगितल्यावर निरक्षर बायका अडखळल्या, आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूतले भागही वेगळ्या तऱ्हेनं कामाला लागलेले दिसले. अक्षरओळख ही नुसती माहिती नसते, ती ऐकण्याची पद्धतच बदलते. पोर्तुगालची थोरली आणि आमची थोरली, काय फरक?

आईचं विसरणं ७४व्या वर्षी सगळ्यांच्या लक्षात आलं. मामाचं ७९व्या वर्षी. पण मामा एकदा घसरला तो भराभर: दीड वर्षात तो बँकेचं पासबुक वाचणारा माणूस राहिला नाही. आई मात्र हळूहळू, पायरी पायरीनं उतरली.

दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही, हे मी वर्गात शंभरदा सांगितलंय. आईला मधुमेह होता, मामाला सिगारेट होती, आणि दोघांचंही जनुक कुणी तपासलेलं नाही. पण ही जी चाल आहे, उशिरा दिसणं आणि मग जोरात घसरणं, ती शिकलेल्या माणसांत अनेक अभ्यासांना दिसली आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या याकोव्ह स्टर्न यांनी १९९४ साली उत्तर मॅनहॅटनमधल्या वृद्धांवरून दाखवलं की कमी शिकलेल्यांत डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा, अल्झायमर हा त्यातलाच एक प्रकार) धोका सुमारे दुप्पट. त्यांनी याला 'कॉग्निटिव्ह रिझर्व्ह' म्हटलं, आपण गंगाजळी म्हणू. शिक्षणानं मेंदूतला कचरा, म्हणजे या आजारात साठणारी अमायलॉइडसारखी प्रथिनं, साठायचा थांबतो असं ठामपणे दिसत नाही. साठतो, पण माणूस आडवाटेनं, गल्लीबोळातून काम निभावून नेतो. मग एक दिवस गल्ल्याही बंद होतात, तोवर बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. म्हणून घसरण तीव्र.

'ब्रेन कनेक्टिव्हिटी'ची बातमी कशी वाचायची

अशा बातम्या आता दर महिन्याला येतात. 'उच्चशिक्षितांच्या मेंदूतील जोडण्या मजबूत', 'ई-४ असलेल्यांच्या जोडण्या कमकुवत', शेजारी निळा-नारिंगी मेंदू. वाचायच्या आधी हे चित्र कसं काढतात ते माहीत असू द्या.

माणसाला एमआरआयच्या नळीत झोपवतात आणि सांगतात, काही करू नका, पडून राहा. यंत्र दर दोन-तीन सेकंदांना मेंदूच्या प्रत्येक भागातल्या रक्तातल्या प्राणवायूचा चढउतार टिपतं. मग संगणक बघतो, कोणते दोन भाग एकाच तालात वर-खाली होतात. १९९५ साली भारत बिस्वाल यांनी, तेव्हा ते अमेरिकेत शिकत होते, पहिल्यांदा दाखवलं की हात हलवणारे डावे-उजवे भाग हात स्वस्थ असतानाही तालात असतात. पुढे २००१मध्ये मार्कस रायकल यांनी दाखवलं की आपण काहीच करत नसतो तेव्हा काही भाग उलट जास्त जागे असतात. त्यांना 'डिफॉल्ट मोड नेटवर्क' म्हणतात. मी त्याला मेंदूची ओसरी म्हणते: काम नसलं की मंडळी जिथे जमतात आणि मागच्या-पुढच्या गोष्टी निघतात ती जागा. अल्झायमरमध्ये आधी बिघडतं ते याच ओसरीवर, म्हणून संशोधकांचं तिकडे लक्ष.

तर 'जोडणी' म्हणजे दोन भागांत तार असते असं समजू नका. आमच्या समोरच्या इमारतीत दुसऱ्या आणि पाचव्या मजल्यावरचे दिवे रोज एकाच वेळी लागतात आणि विझतात. त्यावरून मी म्हणते, या दोन घरांचं काहीतरी नातं असावं. पुरावा एवढाच. (नातं होतं. मायलेकी निघाल्या. पण नसतंही.)

पुढचा सापळा मोठा आहे: जास्त जोडणी म्हणजे चांगलं, असं धरून चालणं. २००९ साली ऑक्सफर्डच्या गटानं वीस ते पस्तीस वयाच्या धडधाकट तरुणांना तपासलं. ज्यांच्यात ई-४ होतं त्यांच्या ओसरीवर गजबज कमी नव्हती, जास्तच होती. उतारवयाच्या ई-४वाल्यांवर झालेल्या अभ्यासांत मात्र मेंदूत अमायलॉइडचा कचरा दिसत नसतानाही या जाळ्याची लय बदललेली आढळली आहे. खंबाटकीच्या घाटात जुनी एसटी पहिल्या गिअरला जास्त आवाज करते, ती ताकद असते का? ती ओढाताणही असू शकते. म्हणून बातमीत 'वाढलेली जोडणी' दिसली की विचारा: कुणात, कोणत्या वयात, कोणत्या दोन भागांत, आणि त्या माणसांची स्मरणशक्ती प्रत्यक्षात कशी होती?

शिक्षणाच्या बाजूनं मला पटलेला अभ्यास फ्रान्समधल्या काँ शहरातला, २०१३चा. निरोगी वृद्धांत शिक्षणाची वर्षं जितकी जास्त, तितकी कपाळामागच्या एका भागाची बाकीच्या मेंदूशी, त्यात आठवणी साठवणारा हिपोकॅम्पसही आला, जोडणी चांगली दिसली. पण असे अभ्यास बहुधा एकाच वेळी काढलेला फोटो असतात. शिक्षणानं जोडणी सुधारली, की मुळातच तशी जोडणी असलेली मुलं शाळेत टिकली, की ज्यांच्या घरी दूध-तूप होतं तीच शिकली आणि त्यांचेच मेंदू चांगले वाढले, हे फोटोवरून सांगता येत नाही.

फोटोच्या पुढे गेलेला एक अभ्यास आपल्याकडचाच आहे. लखनऊजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर तरुण माणसांना, त्यात बायकाच जास्त, सहा महिने हिंदी वाचायला शिकवलं. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा यंत्रात घातलं. २०१७ साली निकाल छापून आला: बघण्याचं काम करणारा मेंदूचा मागचा भाग आणि खोल तळातले थॅलॅमस व मेंदूकांडातले ठिपके यांच्यातला ताल वाढलेला होता. जे शिकले त्यांच्यात वाढला, जे शिकले नाहीत त्यांच्यात नाही. तिशीतल्या माणसांचा मेंदू, आणि त्याला हलवलं कुणी, तर आपल्या देवनागरीनं. साठीतल्यांना हे जसंच्या तसं लावू नका. पण मी तो निकाल दोनदा वाचला.

डॉक्टरकडे जाताना

इथे माझा राग आहे, तो बाजूला ठेवून सांगायचा प्रयत्न करते.

आईला आम्ही तपासायला नेलं तेव्हा तिशी-पस्तिशीतले डॉक्टर होते, गर्दी होती. त्यांनी स्मृती आणि बुद्धी तपासायची ३० गुणांची ती प्रसिद्ध चाचणी काढली, १९७५ सालची, जगभर वापरतात ती. "आजी, आज तारीख काय?" आई म्हणाली, "आषाढ वद्य चतुर्थी. संकष्टी आहे, तुम्ही खाऊन आलात ना?" डॉक्टरांनी शून्य दिला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात बघितलं, संकष्टीच होती. मग शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. मग वाक्य लिहायला. मग एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढायला. आईनं पेन मुठीत धरलं, रांगोळीसारखे आधी ठिपके दिले आणि मान वर करून विचारलं, "किती ठिपक्यांची?" गुण आले चौदा. आजार तिला होताच, ते नंतर स्पष्ट झालं. पण त्या चौदातले किती गुण आजारानं नेले आणि किती चौथीनंतर सुटलेल्या शाळेनं, ते त्या कागदावरून कुणालाच कळलं नसतं.

मामाचं बरोबर उलटं. घरी मामी सांगतेय की ते तीच गोष्ट तीनदा विचारतात, गाडी घेऊन गेले आणि बसनं परत आले. चाचणीत २८. "नॉर्मल आहेत, वयाप्रमाणे." मामानं शंभरातून सात वजा करत थेट दोनपर्यंत जाऊन दाखवलं होतं. एक वर्ष त्यातच गेलं.

म्हणून करायचं काय, तर जायच्या आधी एक पान लिहून न्या. माणूस कमी शिकलेला असेल तर त्याला जे नेहमी येत होतं ते लिहा: दळणाला किती पायली गहू द्यायचे, भाजीवाल्याकडून सुटे किती परत घ्यायचे, देवळापर्यंतची वाट, हरिपाठाचे अभंग, पोराबाळांची नावं वयाच्या क्रमानं. यातलं काय गेलं आणि कधीपासून? माणूस खूप शिकलेला असेल तर गुणांवर विसंबू नका, त्याची तुलना त्याच्याशीच करा. मामा रविवारचं शब्दकोडं चहा संपायच्या आत सोडवायचा. तो ते अर्धवट टाकू लागला तेव्हाच ती तक्रार होती, आम्ही तिला आळस म्हटलं. दोन्ही बाबतीत शिक्षण किती झालंय ते डॉक्टरांना आपणहून सांगा आणि विचारा, "ही चाचणी त्यांच्या शिक्षणाला धरून आहे का?" प्रश्न उद्धट नाही. हरियाणातल्या बल्लभगडला मोठा अभ्यास झाला तेव्हा बहुतेक वृद्ध निरक्षर होते, म्हणून तीच चाचणी हिंदीत नव्यानं बांधली: वाचून डोळे मिटायच्या ऐवजी 'मी करतो तसं करा', वाक्य लिहायच्या ऐवजी 'घराबद्दल एक वाक्य सांगा'. (त्याच बल्लभगडला ई-४चं प्रमाण अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या तुलनेत कमी सापडलं, ७ टक्के विरुद्ध ११. निरक्षरता एवढी असूनही अल्झायमर कमी. म्हणजे शाळा हा एकच धागा ओढून गाठ सुटत नाही.)

आणि शिक्षणाची 'वर्षं' मोजताना हात आखडता घेऊ नका. आईच्या फॉर्मवर 'शिक्षण: ४ वर्षे' असं लिहिलं. जात्यावरच्या दीडशे-दोनशे ओव्या, तीन पिढ्यांच्या सोयरिकी आणि माहेरची कानडी, हे कुठल्या रकान्यात टाकायचं? डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या ६४८ डिमेन्शियाच्या रुग्णांवरून २०१३मध्ये दाखवलं की दोन भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला, आणि कधी शाळेत न गेलेल्यांतही हा फरक होता. कऱ्हाड-सांगलीकडच्या कितीतरी आज्या दोन भाषांत भांडतात. ते भांडण चालू ठेवायला सांगा.

साठीनंतर शिकायचं काय आणि कसं

इथे मी आग्रही आहे. सुडोकूनं सुडोकू सुधारतं. मोबाइलवरच्या 'ब्रेन गेम'चंही बहुतेक तेच. टेक्ससमधल्या डेनिस पार्क यांनी वृद्धांना तीन महिने आठवड्याला पंधरा-पंधरा तास काहीतरी खरंच नवं आणि अवघड शिकवलं, डिजिटल फोटोग्राफी नाहीतर गोधडीकाम. दुसऱ्या गटानं तेवढाच वेळ गप्पा, सहली, सिनेमा यात घालवला. प्रसंग लक्षात ठेवण्याची ताकद शिकणाऱ्यांची वाढली. तेव्हा निवड करताना मी तीन गोष्टी बघते: येत नसलेलं हवं, चुकलं की लगेच कळणारं हवं, आणि एकट्यानं करायचं नको.

मी मोडी निवडली. कारण आजोबांच्या खर्चाच्या वह्या ट्रंकेत पडून होत्या आणि घरात कुणालाही त्या वाचता येत नव्हत्या. आम्ही चौघी आहोत, बुधवारी आणि शनिवारी चार वाजता, माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर. एक निवृत्त तलाठी आहेत, ते शिकवतात, मानधन म्हणून फक्त चहा आणि खारी. पद्धत अशी:

पहिले दोन आठवडे नुसत्या शिरोरेषा. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि मग अक्षरं तिला लटकवतात, हात शक्यतो न उचलता. साठ वर्षं आपण अक्षर काढून वर रेघ दिलेली असते, मनगट ऐकत नाही. मग रोज तीन अक्षरं, त्याहून जास्त नाही. ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नाही, शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हं नाहीत, त्यामुळे अर्थ लावल्याशिवाय वाचताच येत नाही. मेंदूला नेमकं तेच हवं. तिसऱ्या आठवड्यापासून छापील पाठ सोडून खरा कागद घ्या, भलेही एका ओळीला अर्धा तास लागो. प्रत्येकीनं आपली ओळ मोठ्यानं वाचायची, बाकीच्यांनी चूक काढायची. पहिल्या महिन्यात मला इतकी लाज वाटली की दोनदा डोकं दुखतंय असं खोटं सांगितलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल पेन चालवलेलं, स्वतःची वही पुढे करायला जड जातं. शिक्षकांनी ही अडचण गृहीत धरावी.

तुम्हाला मोडीच कशाला हवी. तबला शिका, तेलुगू शिका, गोधडी शिवा. घरातल्या किंवा कामाला येणाऱ्या एखाद्या मावशींना अक्षरओळखच नसेल तर त्यांच्यासाठी तीच सगळ्यात मोठी गोष्ट. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात योगेंद्र बांगर या जिल्हा परिषदेच्या शिक्षकानं ८ मार्च २०१६ला आजीबाईंची शाळा काढली. साठी-सत्तरीच्या, नव्वदीकडे झुकलेल्याही बायका गुलाबी साड्या नेसून पाटी-दप्तर घेऊन बसल्या. तुम्ही शिकवायला बसाल तेव्हा 'ग'पासून 'गवत' नको. त्यांचं स्वतःचं नाव, मग एसटीची पाटी, मग विजेच्या बिलावरचा आकडा, याच क्रमानं. आठवडाभरात बसची पाटी वाचता आली की पुढचं त्या स्वतःच ओढून नेतात.

बाकीचं थोडक्यात, कारण ते कंटाळवाणं आहे आणि तेच जास्त कामाचं आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४च्या आयोगानं डिमेन्शियाची चौदा टाळता येण्याजोगी कारणं मोजली. ती सगळी हाताळली तर निम्म्याच्या जवळपास, ४५ टक्के, आजार टळेल किंवा लांबेल असा त्यांचा अंदाज. बालपणीचं कमी शिक्षण त्यात आहे, पण ते आता आपल्या हातात नाही. हातात आहे ते हे: ऐकू कमी येत असेल तर कानाचं यंत्र (भाव खाऊन बसू नका, टीव्हीचा आवाज सगळी गल्ली ऐकते), रक्तदाब, साखर, वाईट कोलेस्टेरॉल, मोतीबिंदू, तंबाखू, एकटेपणा. फिनलंडमध्ये १,२६० जणांवर दोन वर्षं आहार, व्यायाम, मेंदूचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर नजर, असं एकत्र करून बघितलं. बुद्धीच्या चाचण्यांत फायदा झाला, आणि ई-४ असलेल्यांनाही झाला. भाच्याला मी हेच वाक्य जाड अक्षरात पाठवलं. तो आता आठवड्यातून चारदा पळतो आणि मला घामाघूम फोटो पाठवतो, ज्यांची मला गरज नाही.

गेल्या महिन्यात आजोबांच्या वहीतलं एक पान अखेर लागलं. १९५० सालचं, मामाला शाळेत घातलं तेव्हाचं. मी ते देवनागरीत उतरवलं (जुन्या हिशोबात एक उभी रेघ म्हणजे चार आणे): पाटी ४ आणे, पुस्तके ८ आणे, टोपी ४ आणे. एकूण १ रुपया ४ आणे. रविवारी कागद घेऊन मामाकडे गेले. त्यानं मला ओळखलं नाही, "बसा" म्हणाला. मी कागद समोर धरून वाचून दाखवला. तो बराच वेळ आकड्यांवरून बोट फिरवत राहिला, मग माझ्याकडे बघून जुन्या आवाजात म्हणाला, "सोळाच आणे होतात. बेरीज जुळत नाही, परत तपासा."

घरी येऊन भिंग लावलं. टोपीपुढे उभ्या रेघा दोन होत्या. एक कागदाच्या घडीत गेली होती.